27 नंबरचं झाड

मी झाडं मोजते. पोटापाण्याचं कामच ते आहे, बॉटनीत एमएस्सी केलं आणि फिरत फिरत यात आले. बांधकामाच्या आड झाडं येत असतील तर परवानगीच्या अर्जासोबत यादी लागते, प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर, उंची, तब्येत, वय, फोटो, जीपीएस. ती यादी करायला कन्सल्टंट लोक आमच्यासारख्यांना बोलावतात. रस्ते, टॉवर, गटारं, सगळ्यासाठी मोजून झालीयत झाडं, पण कुत्र्यांच्या शेल्टरसाठी मोजायची वेळ पहिल्यांदाच आली आणि तो दिवस काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला, कंपन्यांच्या मधे एक प्लॉट आहे. नक्की कुठला ते लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. तिथे भटक्या कुत्र्यांसाठी नवीन शेल्टर करायचं ठरलंय. आधी काय होतं की कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण म्हणून कट मारायचा आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा, 2023 चे एबीसी रूल्स, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम, हेच सांगतात. पण 7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाची ऑर्डर आली की शाळा, हॉस्पिटलं, स्टेडियम, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन असल्या जागांवरचे कुत्रे उचलले की परत तिथे सोडायचे नाहीत, शेल्टरमध्ये ठेवायचे. आता ठेवायचे म्हटल्यावर जागा हवी ना, म्हणून हा प्लॉट.

कन्सल्टंटकडून ड्रॉइंग आलं त्यात 44 झाडं दाखवली होती आणि 44 च्या 44 पुढे एकच शब्द, तोडणे. मला सांगितलं होतं की मॅडम फक्त व्हेरिफाय करून सही करा, एका दिवसाचं काम आहे.

एप्रिलचा पहिला आठवडा. सकाळी सात वाजता टेप, रंगाचा डबा, ब्रश, पाण्याच्या दोन बाटल्या आणि माझा हेल्पर पोरगा एवढं घेऊन पोचले. आत शिरल्या शिरल्या बरं वाटलं खरं सांगायचं तर. करंजाला नवी पालवी फुटलेली, तो पोपटी रंग वर्षातून आठ-दहा दिवसच तसा दिसतो. खाली वाळलेल्या पानांचा थर, भिंतीकडेला सुबाभळीची दाटी, दोन उंबर, काही सोनमोहर, आणि प्लॉटच्या बरोबर मधे एक रेन ट्री. असा पसरलेला की त्याच्याखाली दोन बसेस उभ्या राहतील. खाली चिकट शेंगांचा सडा आणि त्या शेंगांत एक कुत्री आडवी, चार पिल्लं लुचतायत. मी जवळ गेले तर तिने नुसतं डोकं उचललं, परत टेकवलं.

मोजायला सुरुवात केली. छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप फिरवायची, हेल्पर लिहून घेतो, मी नंबर टाकते. साडेदहापर्यंत 61 झाडं झाली. यादीत 44. मधली सतरा गेली कुठे म्हणून परत फेरी मारली तर लक्षात आलं की ज्याने आधीची यादी केली तो भिंतीच्या मागच्या बाजूला, उतारावर गेलाच नव्हता, आणि तीन-तीन खोडांची जी झाडं आहेत ती त्याने काही ठिकाणी चक्क सोडून दिलेली. दोन्ही उंबर यादीत नव्हते. उंबर! ज्याच्यावर सकाळपासून तांबट कुटूक कुटूक करत होता ते झाड दिसू नये? मला राग आला. यादीत नसलेलं झाड कागदावर नसतंच ना, मग ते कोणी तोडलं तरी कोण विचारणार.

रेन ट्रीला नंबर आला 27. घेर 3 मीटर 42 सेंटिमीटर. टेप एकटीने फिरवता येत नव्हती, हेल्परने पलीकडून धरली. वर दोन फांद्यांच्या बेचक्यात घारीचं घरटं, आणि त्यातून एक पिल्लू मान काढून बघत होतं, चांगलं मोठं झालेलं, महिन्याभरात उडेल असं.

आता वयाचा मुद्दा. 2021 मध्ये आपल्या राज्याच्या झाडांच्या कायद्यात, म्हणजे 1975 च्या कायद्यात, बदल झाला. तेव्हापासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे हेरिटेज ट्री, आणि कुठलंही झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. दहा वर्षांचं तोडलं तर दहा, पन्नासचं तोडलं तर पन्नास. लावायची ती सुद्धा सहा ते आठ फुटी रोपं, जिओटॅग करून, सात वर्षं जगवायची. त्यामुळे पूर्वी यादीतला वयाचा कॉलम कोणी बघत नसे, आता सगळ्यात आधी तोच बघतात.

अकराला कन्सल्टंटचा साइट इंजिनीअर आला. माझं पॅड बघितलं आणि 27 वर बोट ठेवून म्हणाला, मॅडम हे 55 कशाला लिहिताय, 48 लिहा ना, 50 च्या खाली राहू दे, फाइल लगेच पुढे जाईल. आवाजात दमदाटी नव्हती, उलट अजिजी होती, त्याच्यावर पण वरून प्रेशर असणार. आणि आमच्या कामात हे म्हणायला जागाही आहे कारण झाडाचं वय काही जन्मदाखल्यावर नसतं. आपल्याकडच्या झाडांची वर्तुळं थंड प्रदेशातल्या झाडांसारखी स्पष्ट नसतात, घेरावरून आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून अंदाज बांधायचा, जुने नकाशे, लागवडीच्या नोंदी, आजूबाजूच्यांना विचारायचं. 48 आणि 55 दोन्ही अंदाजच.

पण मी एकदा लिहिलंय असं. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कामात, एका उंबराचं वय मी 30 लिहिलं. तो तीसचा नव्हता हे मला कळत होतं. माझं दोन महिन्यांचं पेमेंट अडकलेलं होतं, मी लिहिलं. महिन्याभराने त्या रस्त्याने गेले तेव्हा फक्त बुडखा होता आणि त्यातून चीक गळत होता. कोणाला सांगितलं नाही मी हे, आज लिहितेय.

त्यामुळे त्या इंजिनीअर पोराला म्हटलं, थांब, अंदाज आपण नीट बांधू.

एक आजी सकाळपासून गोणीत शेंगा भरत होत्या, शेळ्यांसाठी. रेन ट्रीच्या शेंगा गोड असतात, गुरं-शेळ्या आवडीने खातात. शेजारच्या गावठाणातल्या, आगरी. त्यांना विचारलं, आजी हे झाड कधीपासून बघताय? त्या म्हणाल्या, "मी नवी नवरी आयलू तवा यो झार माझे हाताएवरा व्हता." आणि दंड पुढे करून दाखवला. थोरला मुलगा किती वर्षांचा विचारलं तर म्हणाल्या चोपन्न. एमआयडीसीची स्थापना 1962 ची, इथले कारखाने, रस्ते, रस्त्याकडेची लागवड त्यानंतरची, म्हणजे सगळं जुळतच होतं. मी 27 पुढे 55 ते 60 लिहिलं, कशावरून लिहिलं तेही लिहिलं आणि सही केली. पोरगा काही बोलला नाही, फोन लावायला बाजूला गेला.

बारा वाजता जॉइंट व्हिजिट होती. उद्यान विभागाचे साहेब, पशुवैद्यकीयचे डॉक्टर, कुत्रे पकडायच्या गाडीवरचे एक काका, आणि बातमी कुठून फुटली माहीत नाही पण जवळच्या सोसायटीतले तिघं, कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एक ताई आणि झाडांसाठी काम करणारे दोन जण. दहा मिनिटांत भांडण जुंपलं. झाडंवाले म्हणत होते शेल्टर दुसरीकडे न्या, एकही झाड तुटता कामा नये. ताई रडवेल्या होऊन म्हणत होत्या, दुसरीकडे म्हणजे कुठे, प्रत्येक जण हेच म्हणतो, माझे स्टेशनबाहेरचे नऊ कुत्रे उचलून कुठे कोंबणार आहेत, झाडं परत लावता येतील. सोसायटीवाल्यांना दोन्हीचं काही नव्हतं, त्यांना भुंकण्याचा त्रास नको होता. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि तिघांनीही ड्रॉइंग बघितलेलं नव्हतं.

ते बघितलं होतं गाडीवरच्या काकांनी. ते इतका वेळ गप्प होते. बॉनेटवर पसरलेला कागद त्यांनी नीट फिरवून बघितला आणि डॉक्टरांना म्हणाले, साहेब, हे तर आपल्या ऑपरेशन सेंटरचंच आहे की. आणि खरंच तसंच होतं. नसबंदी केंद्राचा प्लॅन उचलून इथे मोठा करून ठेवलेला. लांबच लांब रांगेत पिंजरे, खाली काँक्रीट, वर पत्रा, मधे गाडी जायला सिमेंटचा रस्ता. काका म्हणाले, "पूर्वी आम्ही कुत्रं आणायचो, ऑपरेशन व्हायचं, चार-पाच दिवस ठेवायचो की परत सोडून यायचो. तेवढ्याला चालतं हे. आता जो येईल तो इथेच म्हातारा होणार ना, साहेब. तो पत्र्याखाली दहा वर्षं काढणार का?"

कोणी काही बोललंच नाही.

मग काका मला म्हणाले, मॅडम, इकडे या. भिंतीला टेकून जुन्या वॉचमनची पत्र्याची शेड होती. म्हणाले हात लावा. मी लावला आणि लगेच काढला, तवा असतो तसा. मग 27 खाली जिथे ती कुत्री झोपली होती तिथल्या मातीवर हात ठेवायला लावला. पानांच्या थराखाली माती गार होती, ओलसर सुद्धा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं, म्हणून उन्हाळ्यात ते गार माती उकरून त्यात पोट टेकवून बसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. आणि सोसायटीवाल्यांकडे बघून काका म्हणाले, तापलेलं, कोंडलेलं कुत्रं जास्त भुंकतं, सावलीत लोळायला मिळालं तर निम्मा आवाज तिथेच कमी.

त्यानंतर जे झालं ते मी इतक्या वर्षांत कुठल्या जॉइंट व्हिजिटमध्ये बघितलं नाही. डॉक्टरांनी ड्रॉइंग उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने काढायला लागले. ऑपरेशन थिएटर, आजारी कुत्र्यांचा वेगळा वॉर्ड आणि स्टोअर, म्हणजे पक्कं बांधकाम, हे सगळं भिंतीकडेच्या सुबाभळीच्या पट्ट्यात. मधला भाग मोकळा, जाळी मारून सात-आठ आवारं करायची, प्रत्येकात दहा-बारा कुत्रे, झाडं आहेत तिथेच आत. गाडीचा रस्ता मधून नाही, कडेने. मी माझ्या यादीतले नंबर सांगत गेले, हेल्पर धावत जाऊन त्या झाडापाशी हात वर करून उभा राहायचा, उद्यान विभागाचे साहेब अंतर मोजायचे. ताई आणि त्या झाडंवाल्यांपैकी एक जण दोघं मिळून टेपची दोन टोकं धरून उभे होते, मगाशी एकमेकांवर ओरडणारे. इंजिनीअर पोरगा पण शेवटी कोपरे मार्क करायला लागला आणि त्यानेच दाखवलं की पाण्याची टाकी उत्तरेला सरकवली तर दोन्ही उंबर हलवायचीसुद्धा गरज नाही.

तीन वाजता हिशोब झाला. 61 पैकी 42 जागेवर, 5 पुनर्रोपण, 14 तोडायची. चौदात दहा सुबाभळी, दोन ग्लिरिसिडिया, एक सोनमोहर आणि एक करंज. त्या करंजासाठी मी बराच वेळ भांडले, रस्ता एवढा वळवता येतो का बघितलं, पण मोठ्या गाडीला वळायला तिथेच जागा लागते, अॅम्ब्युलन्सही त्याच वाटेने येणार, नाही झालं. पंधरा वर्षांचं असेल. पोपटी पालवीवर होतं. सही करताना हात जड झाला, पण यावेळी प्रत्येक आकडा खरा होता. चौदा झाडांच्या वयांची बेरीज 180 आली, म्हणजे तितकी रोपं, आणि ती कुठे लावणार ते साहेबांनी जागेसकट लिहून द्यावं असं मी रिपोर्टमध्ये घातलं. नुसतं "अन्यत्र" चालणार नाही.

माझं बिल कन्सल्टंटने अजून काढलेलं नाही. एका दिवसाच्या कामाला सहा दिवस लागले म्हणे, नवीन ड्रॉइंगचा खर्च वेगळा. मी रोज फोन करतेय.

आता इथल्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे विषय येईल. त्याआधी हरकतींसाठी झाडांवर नोटिसा लागल्या, सात दिवसांच्या, म्हणून परवा बघायला गेले होते. चौदा झाडांवर चौदा कागद. करंजाची पालवी आता गर्द झालीय, फुलं खाली पडलेली. कुत्री पिल्लांसकट तिथेच, काका येऊन तिला खायला ठेवून जातात. दूध पाजतेय तोवर हिला उचलायची नाही, असं त्यांनी त्या दिवशीच सांगितलं होतं. घारीचं पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसलं होतं.

आजी गोणी घेऊन आलेल्या. नोटीस वाचता येत नाही म्हणून मला विचारलं, मी समजावून सांगितलं की 27 राहणार आहे. त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता, कंपाउंड झाल्यावर शेंगा वेचायला आत सोडतील का. आत कुत्रे असणार, सोडणार नाहीत, मी खोटं कशाला सांगू. पण 27 च्या उत्तरेकडच्या फांद्या कंपाउंडच्या लाइनच्या चांगल्या पाच-सहा मीटर बाहेर जातात, त्या खाली रस्त्याकडेलाच शेंगा पडतील. घरी येऊन रिपोर्टात एक ओळ वाढवली, उत्तरेकडच्या फांद्या छाटू नयेत.