म्हातारी ज्या वाटेने गेली

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनहून पश्चिमेला निघालेला १४ क्रमांकाचा महामार्ग मेझोमेनी आणि अरीना ही गावे मागे टाकतो, स्प्रिंग ग्रीनच्या अलीकडे विस्कॉन्सिन नदी ओलांडतो आणि मग नदीला उजव्या काठाने सोबत करू लागतो. अमेरिकेच्या या भागाची एक गंमत आहे. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखा सपाट केला, पण हा तुकडा त्यांच्या तडाख्यातून सुटला, त्यामुळे सह्याद्रीत पाय घासलेल्या माणसाला इथे ओळखीची नावे आपोआप सुचू लागतात. ही सोंड, ही खिंड, ती घळ, तो कडा. उंची मात्र आपल्या एखाद्या टेकाडाएवढीच. नदीचे प्रेरी दू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंतचे ९२ मैलांचे पात्र कुठेही अडवलेले नाही आणि १९८९ पासून त्याला राज्याचे खास संरक्षण आहे. काठावरची बरीच जमीन सार्वजनिक आहे. परवाना काढलेला कोणीही तिथे जाऊन शिकार करू शकतो, आणि या रानात धनुष्यबाण घेऊन मी सलग सात वर्षे रिकाम्या हाताने परत आलो होतो.

शिकार हा शब्द ऐकून कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे, कारण मी स्वतः त्याच संस्कारात वाढलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलेली वाटही बंद केली, आणि आपल्याकडे उरलेल्या जंगलाचा आणि जनावरांचा विचार केला तर ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. इथले गणित वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार कत्तलीमुळे पांढऱ्या शेपटीचे हरीण अमेरिकेच्या अनेक भागांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. आज दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये ते शेतात, बागांत आणि मोटारींच्या पुढ्यात इतके आहे की त्याची संख्या आटोक्यात ठेवणे हाच प्रश्न होऊन बसला आहे. मधल्या काळात १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला आणि १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्या कराखाली आले. ज्या वर्षी आपण शिकारीवर कायदा केला, त्याच वर्षी यांनी बाणावर कर बसवून त्यातून रान पोसायला घेतले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. दुसरी गोष्ट मालकीची. मी मूळचा कोल्हापूरकडचा. तिथे संस्थानी काळात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे आणि ती अर्थातच दरबाराची असे. इथे रानातले हरीण राजाचे नाही आणि जमीनमालकाचेही नाही, ते लोकांचे मानले जाते, आणि माझ्यासारखा परदेशातून आलेला, एका खोलीच्या घरात राहणारा माणूसही त्या लोकांत मोडतो.

परवान्याआधी प्रशिक्षण घ्यावे लागते. १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते सक्तीचे आहे, त्यामुळे मी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसून ती परीक्षा दिली आणि वर्गात पहिलाही आलो नाही. धनुष्यच का, असे अनेक जण विचारतात. एक कारण इथल्या मातीत आहे: अमेरिकेत केवळ धनुष्यबाणासाठी राखलेला हरणांचा आधुनिक हंगाम पहिल्यांदा १९३४ साली याच राज्यात, सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत झाला, आणि त्याच सुमारास मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड स्वतःच्या हाताने धनुष्ये घडवत होते. दुसरे कारण साधे आहे. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवसांचा असतो, धनुष्याचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. मला रानात जास्त दिवस हवे होते. ते मिळाले, हरीण तेवढे मिळाले नाही.

पहिली सात वर्षे मी काय करत होतो, हे आता स्पष्ट दिसते. मी ट्रेक करत होतो. सरकारी रानात गर्दी असते, बहुतेक शिकारी गाडीतळापासून फार लांब जात नाहीत, म्हणून जो दूर जाईल त्याला फळ, असे मी कुठेतरी ऐकले आणि ते माझ्या स्वभावाला इतके पटले की त्यापुढे विचारच केला नाही. पहाटे चारला उठायचे, पाठीवर मचाण, कमरेला हार्नेस, हातात धनुष्य घेऊन अंधारात तीन-तीन मैल चढायचे आणि जिथून दोन्ही दऱ्या दिसतात अशा धारेवर जाऊन बसायचे. मचाण म्हणजे इथे झाडाच्या खोडाला पट्ट्याने आवळायची लोखंडी वा ॲल्युमिनियमची छोटी बैठक. सरकारी जमिनीवर झाडाला खिळा मारता येत नाही आणि या भागात दिवस संपला की मचाण उतरवून न्यावे लागते, म्हणून ते ओझे जाता-येता दोन्ही वेळा पाठीवर. धारेवरून नजारा उत्तम दिसे. हरणे दिसत ती तीनशे यार्डांवर, आणि माझ्या बाणाचा भरवसा पंचवीस यार्डांपर्यंतचा.

चौथ्या वर्षी एकदा संधी आली होती. बावीस यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली, मी बाण सोडला आणि तो तिच्या पाठीवरून गेला. नेम चुकला नव्हता. ध्वनी बाणाच्या जवळजवळ चौपट वेगाने जातो. दोरीचा आवाज आधी पोहोचला, पळण्यासाठी अंग आवळताना ती खाली दबली आणि बाण मोकळ्या हवेतून निघून गेला. ती आधीच बिथरलेली होती, कान माझ्याकडे रोखून उभी होती, आणि अशा जनावरावर बाण सोडायचा नसतो हे मला पुस्तकात माहीत होते, हातात नव्हते. बाकीच्या वर्षांत एवढेही घडले नाही. खालच्या झाडीतून फुत्कारल्यासारखा आवाज येई, पांढरी शेपटी निशाणासारखी वर होई आणि रान रिकामे. त्यांनी मला पाहिलेले नसे. त्यांना माझा वास आलेला असे.

वाऱ्याबद्दल मी अडाणी होतो असेही नाही. सकाळी ऊन लागले की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि संध्याकाळी तीच गार व जड होऊन घळीतून पाण्यासारखी खाली वाहते, हे सह्याद्रीत भटकलेल्या कोणालाही अंगावर ठाऊक असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली टाकलेली वस्तू परत वर येताना मी पाहिलेली आहे. पण ते ज्ञान मी डोंगर पाहण्यासाठी वापरले, डोंगरात बसण्यासाठी नाही. संध्याकाळी धारेवर बसलेल्या माणसाचा वास दोन्ही बाजूंच्या घळींत उतरतो, आणि हरणे नेमकी तिथेच असतात.

सातव्या वर्षीच्या नोव्हेंबरात अंधारात उतरताना माझा घोटा मुरगळला. पुढच्या शनिवारी चालणे शक्य नव्हते, तरी घरी बसवेना म्हणून मी गाडीतळापर्यंत गेलो आणि थर्मासमधला चहा पीत गाडीतच बसून राहिलो. सूर्य मावळल्यावर पाच-सात मिनिटांनी रस्त्यालगतच्या अरुंद घळीच्या तोंडाशी एक हरीण आले, मग दुसरे, मग तिसरे. समोरून ट्रक जात होते, दिव्यांचे झोत झाडांवरून फिरत होते, आणि ती तिघे ओकच्या झाडाखाली शांतपणे बलुते चघळत होती. ओकच्या फळाला मी घरी बलुतच म्हणतो. उर्दूतला हा शब्द मला आवडतो. पांढऱ्या ओकची फळे त्याच वर्षी पिकून पडतात आणि लाल ओकच्या फळांहून कमी तुरट असतात, त्यामुळे हरणे त्यांच्यासाठी जोखीम घेतात. सात वर्षे मी ज्या जागेवर गाडी लावून पुढे गेलो, तिथून हे झाड शंभर पावलांवर होते.

फेब्रुवारीत बर्फ पडल्यावर मी पुन्हा गेलो, या वेळी फक्त माग वाचायला. बर्फ खोटे बोलत नाही. घळीतून उतरणारी एक वाट इतकी तुडवलेली होती की गावाकडच्या पाणवठ्याची पायवाट आठवली, आणि त्याच बर्फात गाडीतळापासून वर धारेकडे गेलेली माणसांच्या बुटांची वाट त्याहून ठळक होती. दोन्ही वाटा एकमेकींना कुठेही छेदत नव्हत्या. हरणांनी आमचा रस्ता पाठ करून टाकला होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घळीच्या तोंडाशी, महामार्गापासून कायद्याने ठरवलेल्या अंतराहून बरेच लांब, पंधरा फूट उंचीवर मचाण बांधले. हार्नेसची दोरी खोडाला अडकवल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलायचा नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. या छंदात माणसे जनावरांमुळे नाही, झाडावरून पडून मरतात. वाऱ्याची दिशा पाहायला खिशात मिल्कवीडच्या शेंगेतल्या म्हाताऱ्या होत्या. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातले. लहानपणी आपण ज्या म्हातारीच्या मागे धावतो, तशीच रेशमी शेपटीची बी. साडेचारला एक सोडली, ती घळीत वर गेली. मी मनातल्या मनात गाशा गुंडाळला. पाचला सोडलेली जागच्या जागी घुटमळली. उन्हाने धार सोडल्यावर, सव्वापाचला, तिसरी म्हातारी माझ्या बोटांतून सुटली, क्षणभर थांबली आणि हळूहळू खाली, रस्त्यावरून, नदीकडे निघून गेली. माझा वास आता नदीवर होता.

मावळतीच्या जरा आधी मादी आली. एकटी होती, त्या वर्षीचे पिल्लू सोबत नव्हते. ते पाहण्यासाठी मी मुद्दाम दोन-तीन मिनिटे घालवली. आईने एकदा फोनवर पांडू राजाची गोष्ट ऐकवली होती, क्रीडेत रमलेल्या हरणांवर बाण सोडला आणि शाप घेऊन आला, आणि आमचा हंगाम नेमका त्यांच्या माजाच्या दिवसांत येतो, हे तिला कसे कळले देव जाणे. मादी झाडाखाली आली, मान खाली घातली. एक ट्रक गेला. त्याच्या आवाजात मी दोरी ओढली. कंपाउंड धनुष्याची दोरी पूर्ण ओढली की टोकांच्या चाकांमुळे बहुतेक भार नाहीसा होतो आणि नेम धरून थांबता येते, तरी माझा गुडघा थरथरत होता. अठरा यार्ड. तिने पुढचा पाय टाकला, खांद्यामागची जागा उघडी पडली, आणि बाण गेला.

ती चौखूर उधळली, तीस-चाळीस यार्डांवर झुडपांत शिरली आणि आवाज थांबला. इथे घाई केली तर सगळे वाया जाते. जखमी जनावराला उठवले की ते मैलभर जाते. मी घड्याळ लावून अर्धा तास झाडावरच बसलो, आणि त्या अर्ध्या तासात आनंद झाला असे म्हणणे खोटे ठरेल. पोटात गोळा होता. खाली उतरून बाण शोधला, तो आरपार जाऊन मातीत रुतला होता आणि त्यावरचे रक्त गुलाबी, फेसाळ होते, म्हणजे फुप्फुस. काळपट असते तर यकृत, हिरवट असते तर पोट, आणि मग सकाळपर्यंत थांबावे लागले असते. बॅटरीच्या उजेडात पानापानावरचा माग काढत गेलो. साठ पावलांवर ती पडली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवला, ऊब होती. काही वेळ तसाच बसलो.

पुढचे काम कष्टाचे आणि ओंगळ, त्याचे वर्णन टाळतो. आतडी काढल्यावरही चाळीस-पंचेचाळीस किलो ओझे होते, पण ओढायचे अंतर शंभर पावले, आणि या एका बाबतीत मी त्या रात्री स्वतःला सात वर्षांचे सगळे मैल माफ केले. फोनवर नोंदणी केली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. या भागात २००२ पासून हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक जीवघेणा रोग आढळतो, त्यामुळे डोके तपासणीसाठी सरकारी पेटीत ठेवून आलो आणि निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवले. दहाव्या दिवशी रोग नसल्याचे कळले. फऱ्याचे सुके, घरच्या कांदा-लसूण चटणीत. या मांसाला चरबी जवळपास नसते, म्हणून आच मंद आणि तेल थोडे सढळ लागते.

एक सांगायचे राहिले. मी गाडीचे मागचे दार लावत असतानाच वरच्या धारेवरून दोन शिकारी घामाघूम होऊन उतरले. त्यांनी काचेतून आत पाहिले, मनापासून अभिनंदन केले आणि एकाने विचारले की किती आत गेला होतास. मी अंधारात वर, लांबच्या सोंडेकडे बोट केले.