बागेवर कर्ज मिळतं का?

“काय गो, बागेर लोन गावतला काय?” मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं तर आंब्याच्या बागेवर कर्ज मिळेल का, देवगडच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. कुठलं विद्यापीठ, कुठला देश, हे नंतर. मी इंग्लंडला एमबीए केलं, मग दोन वर्षं तिथे नोकरी केली आणि आता इकडेच एका आंबा प्रक्रिया कारखान्यात निर्यातीचं काम बघते. त्यामुळे ज्यांच्या घरात कुणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे ते सगळे फिरून फिरून माझ्याकडे येतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी थेट कागदांवर बोलता येईल.

तर, नाही. बागेवर पीककर्ज मिळतं, पण परदेशी शिक्षणासाठी बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, मग तीत दोनशे कलमं असोत की दोन हजार. यात बँकेचा कोकणावर राग नाही. कर्ज थकलं तर कोर्टाची पायरी न चढता तारण विकायची सोय बँकांना २००२च्या सरफेसी कायद्याने दिली, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन त्यातून वगळली. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन एरवी शेतकऱ्यालाच विकत घेता येते, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकं. तुमची बाग कोटीची असेल, बँकेला ती वेळेवर विकता येत नाही, एवढाच मुद्दा.

“मग घरावर?” हा पुढचा प्रश्न, आणि खरी गंमत इथे सुरू होते. बँकेला घर बिगरशेती जागेवरचं, बांधकाम परवानगीचं आणि स्पष्ट मालकीचं लागतं. आपल्याकडे घर आजोबांनी बांधलेलं, जागा पणजोबांच्या नावावर, सातबारा सामाईक. त्यावर एकोणीस नावं. त्यातली सहा माणसं वारलेली, चार विरारला, एक आत्या बडोद्याला आणि तिचं कुणाशी बोलणं नाही. बँकेचा वकील तीस वर्षांच्या मालकीचा सर्च काढतो. वारसनोंद झालेली नसते, फेरफार कुठेतरी अडकलेला असतो. ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा पुढे करून “पण घर आमचंच आहे” असं कितीही सांगितलं तरी वकील तो मालकीचा पुरावा मानत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. तो उतारा घरपट्टीसाठी असतो. तेव्हा मुलगा अकरावीत असतानाच वारसनोंदीच्या मागे लागा. परदेशी जायचं रद्द झालं तरी ते काम फुकट जाणार नाही.

आमचं प्रकरण मिटलं ते वडिलांनी कणकवलीत घेतलेल्या छोट्या फ्लॅटमुळे. आई सहकर्जदार. बँकेतले साहेब सह्यांसाठी एकेक पान पुढे सरकवत होते आणि आई चष्मा पुसून प्रत्येक पान वाचत होती. मागे लोक खोळंबले. शेवटी तिने विचारलं, “हिला नोकरी नाही लागली तर फ्लॅट जाणार, एवढंच ना?” साहेब म्हणाले, “तसं नाही हो ताई.” “तसंच आहे,” आई म्हणाली, आणि सही केली.

तारण नसलेल्यांनी अगदी निराश व्हायचं कारण नाही. सरकारी बँका काही निवडक नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात. खाजगी फायनान्स कंपन्याही देतात, व्याज चढं लावून. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेबद्दल बरेच जण विचारतात. ती देशातल्या संस्थांसाठी आहे, बाहेर तिचा उपयोग नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही वेगळ्या योजना आहेत. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं, पण मिळाली तर कर्जाचा विषयच संपतो. ओरोसला जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या माहितीवर जाऊ नका.

आता हप्ता. चाळीस लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला साधारण ५२,९०० रुपये बसतात. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं: पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला ३३ हजारांच्या वर. व्याजावर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, ती जुनी करप्रणाली निवडली तरच. बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर) एप्रिल २०२५पासून लागत नाही, तेवढा एक दिलासा.

हा हप्ता पौंडातल्या पगारातून फारसा जड जात नाही, आणि सगळे गणित तिथेच थांबवतात. पण पौंडातला पगार व्हिसावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. मला दोन वर्षं मिळाली. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार. त्यानंतर राहायचं तर परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचा परवाना असलेली कंपनी हवी आणि ठरलेल्या पातळीवरचा पगार हवा. २०२५च्या जुलैपासून तो एरवी वर्षाला ४१,७०० पौंड, नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना ३३,४००. लंडनबाहेर तेवढे देणारी आणि वर व्हिसाचा खर्च करणारी कंपनी शोधणं हीच खरी परीक्षा. त्यात कोर्स एका वर्षाचा. मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या अर्जांच्या तारखा तुम्ही भांडीकुंडी लावताय तोवर निघून गेलेल्या असतात.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगते. मुलाला परत यावं लागलं असं धरा. मुंबई-पुण्यात त्या पदवीवर त्याला जो पगार खरोखर मिळेल, त्यात हप्ता आणि खोलीभाडं बसतं का ते बघा. बसत असेल तर डोळे मिटून पाठवा. बसत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा, किंवा दोन वर्षं थांबा. माझं कर्ज अठ्ठावीस लाखांचं होतं, कारण वडिलांनी आणि मी हे गणित आधी मांडलं होतं आणि त्यात बसणारं विद्यापीठ निवडलं होतं, दिमाखातलं नव्हे. लंडन बिझनेस स्कूलची फी एक लाख पौंडांच्या वर आहे. तिथे प्रवेश मिळवण्याची कुवत असलेल्याने जरूर जावं, तिथल्या नोकऱ्याही तशाच असतात. मधल्या फळीतल्या, नाव न ऐकलेल्या कॉलेजला तीस-पस्तीस लाख देणं मात्र मला पटत नाही. एजंट नेमकी तीच कॉलेजं पुढे करतात, कारण त्यांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. “आमची सेवा मोफत आहे” याचा अर्थ तेवढाच.

आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या पोराला एमबीएला पाठवू नका. चांगल्या ठिकाणी एमबीएला किमान तीनेक वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, कारण वर्गातलं अर्धं शिक्षण एकमेकांच्या अनुभवावर चालतं. पदवीनंतर लगेच जायचं असेल तर एमएस्सी मॅनेजमेंटसारखे कोर्स त्यासाठीच आहेत. अनुभव नसलेल्याला एमबीएला घेणारं कॉलेज दिसलं की ते का घेतंय, हे विचारा.

एक बारीकशी गोष्ट, जी इकडच्या घरांना नेमकी अडते. इंग्लंडच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि ते खातं मुलाचं किंवा आईवडिलांचं लागतं. मुंबईच्या काकांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. आपल्याकडे सगळ्यांचं शिक्षण काकांच्या जिवावर झालेलं, त्यामुळे हे ऐकून लोक चक्क दुखावतात. काकांनी द्यायचेच तर आधी तुमच्या खात्यात द्यावेत. बँकेचं कर्ज मंजूर असेल तर तेवढ्या रकमेला मंजुरीचं पत्र पुरतं.

पार्टटाइम कामावर फी निघेल ही आशा सोडा. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, एवढीच मुभा, त्यात खाण्याचं आणि भाड्याचं थोडंफार भागतं. स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. खोलीवर उकडीचे मोदक करून विकणंसुद्धा नियमात बसत नाही.

“जर्मनीत फुकट आहे म्हणे?” सरकारी विद्यापीठांतले बरेच मास्टर्स कोर्स जवळजवळ फुकट आहेत, एमबीए मात्र सहसा नाही. वर व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) अडकवून दाखवावे लागतात आणि २०२२च्या नोव्हेंबरपासून एपीएस (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) प्रमाणपत्रही लागतं. जर्मन भाषा येत नसेल तर नोकरीच्या वेळी कळतं. अमेरिकेत एमबीए बहुतेक दोन वर्षांचं, खर्च दुप्पट, आणि पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: वर्षाला ८५,००० जागा. स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातलं) म्हणून नोंदवलेलं एमबीए असेल तर नोकरीला तीन वर्षं मिळतात, नाहीतर एकच. तिथले नियम सध्या इतके बदलताहेत की मी सल्ला देत नाही.

राहिला तो प्रश्न, जो विचारायला लोक जरा कचरतात: परत यायचं होतं तर गेलीस कशाला? शिकलीस काय?

एकच सांगते. आमच्याकडे नोव्हेंबरात मोहोराच्या फवारणीला पैसे लागतात तेव्हा वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल उचल देतो. व्याज नाही, फक्त माल त्यालाच घालायचा. सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. धरा, एक लाख उचल घेतली, मे महिन्यात दीडशे पेट्या त्याला घातल्या आणि पट्टी (विक्रीचा हिशोब) आली ती पेटीमागे बाजारापेक्षा शंभर रुपये कमी धरून. पंधरा हजार गेले, सहा महिन्यांत, एका लाखावर. म्हणजे वर्षाला तीस टक्के. हे मी वर्गात खेळत्या भांडवलाच्या तासाला फळ्यावर मांडलं होतं. नायजेरियाचा एक वर्गमित्र म्हणाला, आमच्याकडे कोकोमध्ये अगदी असंच चालतं, आणि मग आम्ही दोघं तासभर त्यावरच भांडलो: दलाल लुबाडतो, की पीक बुडण्याची जोखीम घेतो त्याचे पैसे घेतो? दोन्ही थोडंथोडं खरं आहे. २०१४च्या मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, फळमाशीमुळे युरोपने भारताचा आंबा बंद केला. तेव्हा निर्यातीचा माल पुन्हा मुंबईच्या बाजारात उतरला, आणि तो उचलला दलालांनीच. बंदी पुढच्या वर्षी उठली. आता आमच्या कारखान्यात बागायतदारांना देतो ती आगाऊ रक्कम व्याज उघड लिहून देतो, आणि भाव वेगळा. पहिल्या वर्षी दोघांनी कागद बघूनच नकार दिला. बिनव्याजी म्हणून तीस टक्के देणारा माणूस कागदावर बारा टक्के लिहिलेले दिसले की बिचकतो. दहा टक्क्यांच्या शिक्षणकर्जालाही तोच बिचकतो.

रविवारी दुपारी मी घरी असते. सातबारा, घराचे कागद आणि विद्यापीठाचं पत्र घेऊन या, मार्च ते मे सोडून केव्हाही. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. आतापर्यंत आलेत ते बहुतेक बापच.