‘दहा दिवसांत देतो’ म्हणालेले स्प्लिंट

आठवड्यातून पाच दिवस, रोज तीन तास, असे तीन आठवडे. लेकीच्या इन्टेन्सिव्ह थेरपीचं वेळापत्रक ऐकून नातेवाईक विचारतात, एवढ्याशा पोरीला झेपतं का? झेपतं. माझा जीव मेटाकुटीला आला तो थेरपी सुरू होण्याच्या आधीच.

लेक साडेचार वर्षांची. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, दोन्ही पाय ताठ. निदान स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा दोन्ही पाय ताठ करणारा प्रकार. वॉकर धरून चालते, म्हणजे डॉक्टर हालचालीच्या ज्या पाच लेव्हल सांगतात त्यातली तिसरी. निदान, एमआरआय, यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कार्ड हे सगळं सांगत बसत नाही. कार्डासाठी तीन हेलपाटे पडले, मिळालं. दादरच्या सेंटरमध्ये दिवाळीनंतरची तारीखही लगेच मिळाली. थेरपिस्ट ताईंनी एकच अट घातली: जुने एएफओ, म्हणजे पोटरीपासून पावलापर्यंतचे प्लॅस्टिकचे स्प्लिंट, तोकडे झालेत, नवे करून आणा. पाऊल वाकडं पडत असताना रोज तीन तास उभं केलं तर ती वाकडंच शिकेल.

म्हणून गणपतीच्या आठवडाभर आधी स्प्लिंट बनवणाऱ्यांकडे गेलो. माप घेणाऱ्याचा हात सुरेख होता, हे कबूल करतो. पायाला पातळ मोजा घातला, घोट्याच्या हाडांवर निळ्या पेन्सिलीने गोल काढले, गुडघा वाकवून घोटा काटकोनात धरला आणि ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. पोरगी हसत होती, गार लागतंय म्हणून. ‘दहा दिवसांत देतो,’ म्हणाला. पावतीवर रक्कम होती, तारीख नव्हती. तेव्हा खटकलं नाही.

दहाव्या दिवशी फोन केला तर कारागीर गणपतीला गावी गेलेला. ठीक, आम्हीही कोकणातलेच. गौरी-गणपती उठले, पितृपक्ष लागला, तरी कारागीर येतोयच. नवरात्रात कळलं की प्लॅस्टिकची शीट संपलीय. दसऱ्यानंतर ‘मॅडम बघून सांगतील’. या मॅडम मला कधीच भेटल्या नाहीत. दोनदा भांडुपहून लेकीला कडेवर घेऊन गेलो, कारण फोनवर ‘आज या’ म्हणाले होते. दोन्ही वेळा वॉकर एका हातात, पोरगी दुसऱ्या, आणि तयार काहीच नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिळाले एकदाचे. घरी न जाता तसाच सेंटरला गेलो. ताईंनी पट्टे आवळले, गुडघा सरळ केला आणि टाचेखाली करंगळी सरकवली. आरपार गेली. टाच तळाला टेकतच नव्हती. हाडं वाढतात, ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाही. त्यात जुने स्प्लिंट तोकडे म्हणून जवळजवळ वापरातच नव्हते. दोन महिन्यांत पोटरी आखडली होती. अर्ध्या तासाने काढले तर घोट्याच्या हाडावर लाल वण. असा वण वीस-तीस मिनिटांत गेला पाहिजे. आमचा तासाभरानेही तिथेच.

परत घेऊन गेलो. उत्तर मिळालं, ‘सवय होईल. वाढत्या पोरांचं असंच असतं.’ त्या वाक्याने अजून डोकं फिरतं. वाढत्या पोराचं माप दोन महिने पडून ठेवलं कोणी?

डॉक्टरांनी आधी पोटरी सैल करायला सांगितली. दोन आठवडे दोन्ही पायांना प्लॅस्टर, आठवड्याने बदलायचं. थेरपी जानेवारीत ढकलली. सेंटरने आगाऊ पैसे पुढे धरले, हा त्यांचा चांगुलपणा; माझी मंजूर झालेली रजा मात्र गेली. प्लॅस्टर सुटल्यावर पुन्हा माप. या वेळी मी तिथल्या बाकावरच बसलो. पहिला दिवस, दुसरा दिवस, डबा घेऊन. साचा भरला, सुकला, भट्टीतून मऊ शीट त्यावर ओढली, कापली, घासली. घोट्याशी लागतंय म्हटल्यावर कारागिराने तेवढीच जागा गरम हवेने तापवून बाहेर फुगवली. पाच मिनिटांचं काम! दोन महिने अडलेलं दोन दिवसांत झालं. गावी गेलेला कारागीर हाच. बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्यापर्यंत आमचा साचा वेळेत पोचलाच नव्हता.

तेव्हा पावतीवर तारीख लिहून घ्याच. उरलेले पैसे टाच बघितल्याशिवाय देऊ नका. बूट आधी घेऊ नका, स्प्लिंट घालून दुकानात जा. आम्हाला दोन नंबर मोठे लागले, तेही आतला सोल काढून. मोजे गुडघ्यापर्यंतचे, शिवण न टोचणारे.

थेरपीबद्दल थोडंच. पोरांना मधे उभं करून आधार देणारा पिंजरा आणि त्यातल्या रबरी दोऱ्या बघून मीही भारावलो होतो. पण ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, घरात नेमकं काय जमायला हवं? बायको म्हणाली, बेसिनपाशी उभं राहून दात घासणं. मग तीन आठवडे त्याचाच घोष: रेलिंग धरून उभं राहणं, एक हात सोडणं, सोडलेल्या हाताने खडू उचलणं. पहिला आठवडा रडारड, घरी येताना लोकलमध्येच झोप. तिसऱ्या आठवड्यात तिने डाव्या हाताने बेसिन धरून उजव्याने वरचे दात घासले. खालचे अजून आई घासते.

हो, राहिलंच. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे किती महिन्यांनी काढायचा हे डॉक्टरांना विचारून ठेवा. ताठ पायांच्या मुलांत सांधा सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. आणि जुन्या कररचनेत असाल तर अपंग आश्रितासाठीची आयकर वजावट (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडी) विसरू नका: ४० टक्के अपंगत्वापासून ७५,०००, ८० टक्के वा जास्त असेल तर १,२५,००० रुपये वजावट, खर्च कितीही झालेला असो. सेरेब्रल पाल्सीला त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं (१९६१च्या कायद्यात फॉर्म १०-आयए).

गेल्या आठवड्यात पुढच्या जोडीचं माप दिलं. पावतीवर १४ तारीख आहे, माझ्या अक्षरात. खाली त्यांची सही.