तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा अजून मिरजेतच का?

येत्या डिसेंबरात लग्नाला तीन वर्षं होतील. लेस्टरमधल्या हळदीकुंकवाला, मिरजेतल्या बारशाला, फोनवर, मेसेजवर, सगळीकडे एकच प्रश्न, "अगं, जावईबापू अजून तिकडेच? सगळं ठीक आहे ना?" यातलं शेवटचं वाक्य नेहमी आवाज खाली आणून. मी आजवर "व्हिसाचं चाललंय" म्हणून विषय बदलत आले. आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

स्पाउस व्हिसा, म्हणजे परदेशातल्या नवऱ्याला किंवा बायकोला ब्रिटनमध्ये आणायचा व्हिसा, कसा मिळतो ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांनी ते केलंय. फरक एवढाच की तुमच्याकडे परमनंट नोकरी होती. सहा पेस्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, संपलं. माझ्याकडे पेस्लिप नव्हतीच, कारण मी दुभाषी. एजन्सीचा मेसेज येणार, उद्या साडेनऊला डर्बीच्या हॉस्पिटलात हिंदी, दुपारी नॉटिंगहॅमला गुजराती, मराठी महिन्यातून एखादं. ऑगस्टमध्ये डॉक्टर आणि कोर्टवाले सुट्टीवर, की मीही घरी. एखाद्या महिन्यात २,३०० पौंड तर पुढच्या महिन्यात ७४०. २०२१ मध्ये इन्शुरन्सच्या ऑफिसातली बांधलेली नोकरी सोडून मी हे काम घेतलं तेव्हा कोण आनंद झाला होता, कुणाला विचारून सुट्टी घ्यायला नको, रोज निरनिराळी माणसं. त्या आनंदी बाईशी मी अजून अधूनमधून भांडते.

"म्हणजे तू पुरेसं कमवत नव्हतीस" असं एक मावशी म्हणाल्या. मावशी, कमवत होते. २०२२-२३ मध्ये १९,९०० पौंड आले, आणि व्हिसासाठी माझं वर्षाचं उत्पन्न किमान किती हवं याची तेव्हाची अट होती १८,६०० ची, २०१२ पासून तीच. पण स्वतःचा धंदा असला की हाती आलेले पैसे बघत नाहीत, टॅक्स रिटर्नमधला नफा बघतात. माझ्या अकाउंटंटने ट्रेनची तिकिटं, फोन, लॅपटॉप धरून ३,१५० चा खर्च दाखवला होता. राहिले १६,७५०. खर्च न दाखवता सरसकट १,००० पौंडांची सूट घेता येते, ती घेतली असती तर नफा १८,९०० झाला असता आणि नवरा कदाचित आत्ता इथे बसून चहा पीत असता. आम्ही टॅक्स वाचवला किती, तर सहाशे-साडेसहाशे पौंड. यात अकाउंटंटची चूक नाही. त्याला मी लग्न ठरल्याचं सांगितलंच नव्हतं, त्याचा काय संबंध असं मला वाटलं होतं.

रिटर्न दुरुस्त करता आलं असतं. पण व्हिसाच्या तोंडावर वाढवलेला नफा डोळ्यांत येतो, असं एका वकीलबाईंनी सांगितलं, आणि मी म्हटलं ठीक आहे, एक वर्ष थांबू आणि नीट करू. हे "नीट करू" माझंच.

नवऱ्याला पगार नाही का, हाही प्रश्न येतो. आहे की, सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, पगार नियमित येतो, माझ्यासारखं नाही. पण तो ब्रिटनबाहेर आहे तोवर त्याच्या पगाराला या अर्जात किंमत शून्य. बाबा म्हणाले मी लिहून देतो, माझी पेन्शन आहे. बाबांच्या लिहून देण्यालाही शून्य. माझ्या बँकेत १७,४०० पौंड साठलेले होते, नोकरीतला पगार थोडा कमी पडला तर बचत त्याला जोडता येते, स्वतःच्या धंद्याच्या उत्पन्नाला नाही. का नाही ते मला विचारू नका. आणि ज्यांनी "दिराच्या दुकानात कागदोपत्री नोकरी दाखव" सुचवलं त्यांचे आभार, खोटे कागद सापडले तर नवऱ्यावर दहा वर्षांची बंदी येते.

आता एप्रिल २०२४. हे जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्या घरात अजून तोच महिना चालू आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की अट १८,६०० वरून ३८,७०० करणार. मग ओरड झाली, मग म्हणाले आधी २९,००० करतो, ११ एप्रिल २०२४ पासून. इथलं टॅक्सचं वर्ष संपतं ५ एप्रिलला. म्हणजे माझं "नीट केलेलं" वर्ष संपल्यावर जुन्या अटीत अर्ज करायला मला मिळत होते ६ ते १० एप्रिल, मोजून पाच दिवस. पाच दिवस तर पाच दिवस. मी फाइल केली, बारा महिन्यांची स्टेटमेंट लावली, प्रत्येक इन्व्हॉइसला नंबर टाकला. नवरा मुंबईला जाऊन व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणी करून आला. या वर्षी खर्च दाखवायचा नाही, १,००० ची सूटच घ्यायची हे ठरलेलं. एजन्सीचे फेब्रुवारीच्या कामाचे ६४० पौंड तेवढे यायचे होते, ते धरून नफा १८,९५० होत होता.

एजन्सी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पैसे टाकते. त्या मार्चचा शेवटचा शुक्रवार म्हणजे २९ तारीख, गुड फ्रायडे. सोमवारी ईस्टरची सुट्टी. मंगळवारी फोन केला तर म्हणाले, सिस्टिममध्ये आहे, येतील. बुधवारी, येतील. गुरुवारी फोन उचलला नाही. ५ तारखेला शुक्रवारी मी रात्री बारापर्यंत बँकेचं अ‍ॅप उघडून बसले होते, म्हणजे अक्षरशः उघड-मिट उघड-मिट, जसं काही मी बघत राहिले की ते लवकर येतील. आले सोमवारी, ८ तारखेला. माझा हिशोब रोखीचा, पैसे ज्या दिवशी हातात त्या दिवसाचे, म्हणजे ते ६४० पुढच्या वर्षात गेले. नफा १८,३१०. कमी किती, २९० पौंड.

मंगळवारी पाडवा होता. नवऱ्याने गुढीचा फोटो पाठवला, मी त्याला "छान" एवढंच लिहिलं.

बुधवारी १० तारखेला रात्री फॉर्म पूर्ण भरून मी फीच्या पानापर्यंत पोचले. फी १,८४६ आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचे पैसे, ३,१०५. सरचार्ज नकार आला तर परत मिळतो, फी मिळत नाही. इथे पावणेबारा, तिकडे सव्वाचार, नवरा फोनवर. तो म्हणाला, "भर. २९० साठी कोण अडवेल? पत्र लिहू, पैसे तीन दिवस उशिरा आले म्हणून, एजन्सीचं स्टेटमेंट जोडू." मी म्हटलं, इथे एक पौंड कमी असला तरी कमीच धरतात. तो म्हणाला, "तुला कसं माहीत?" मला माहीत होतं, कारण अशा नकारांच्या बैठकांना मी दुभाषी म्हणून बसलेय. कुणाच्या, काय, ते सांगायचं नसतं. पण दुभाष्याला "मी" म्हणूनच बोलावं लागतं, तेव्हा "माझं उत्पन्न कमी पडलं, माझी बायको तिकडे आहे" हे मी परक्या माणसांच्या वतीने माझ्याच तोंडाने म्हटलेलं आहे, सपाट आवाजात, जसं म्हणायला शिकवतात.

मी कार्डाचे नंबर टाकले नाहीत. लॅपटॉप मिटला.

आता यावर दोन मतं आहेत, दोन्हींना मी फी दिलेली आहे. एक सल्लागार म्हणाले की हिशोब इन्व्हॉइसच्या तारखेने धरला असता तर ते ६४० त्याच वर्षात आले असते आणि तुम्ही आरामात बसला असता. दुसरे म्हणाले, एकाच वर्षापुरती पद्धत बदलली असती तर स्टेटमेंटशी मेळ कसा घातला असता, बरं झालं भरलं नाहीत. मी दिवसानुसार कधी याचं ऐकते, कधी त्याचं. एवढं कबूल करते की त्या रात्री मी नियमांचा विचार करत नव्हते. घाबरले होते. १,८४६ पौंड म्हणजे माझी जवळजवळ सव्वा महिन्याची कमाई, आणि नकाराचा शिक्का पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावा लागतो. पण घाबरले म्हणजे चुकले असं मी अजूनही मानत नाही. नवरा मानतो.

मग सध्या काय? अट २९,००० ची आहे. २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, आठवड्याला ४५ तास राबलं तरी वर्षाचे साडेअठ्ठावीस हजारच व्हायचे, तेव्हा "चार शिफ्ट जास्त कर" म्हणणाऱ्यांनी जरा कॅल्क्युलेटर घ्यावा. जून २०२५ मध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने २३ ते २५ हजारही चालतील अशा अर्थाचं लिहिलं, पण बदललं काही नाही. मी गेल्या सप्टेंबरपासून एका ऑफिसात रिसेप्शनला बसते, पगार २५,८००. नोकरी असल्यामुळे आता बचत जोडता येते, कमी पडतात ३,२००, नियमाने त्याच्या अडीच पट बचत हवी, ते ८,०००, वर बचतीतले पहिले १६,००० धरतच नाहीत, म्हणजे बँकेत २४,००० हवेत आणि ते सहा महिने तसेच पडून राहिले पाहिजेत. आत्ता २१,३०० आहेत. टीबीचं सर्टिफिकेट कधीच संपलं, ते सहा महिनेच चालतं.

"मग तूच परत जा ना." दोन वर्षं सलग बाहेर राहिले तर माझा इथला कायमचा परवाना जातो. शिवाय का जाऊ? हे उत्तर उद्धट वाटतं हे मला कळतं. मध्यरात्री तेच वाक्य स्वतःला म्हटलं की तेवढं पटत नाही, पण सकाळी पुन्हा पटतं.

आणि तो हळू आवाजातला प्रश्न. सगळं ठीक आहे का. बहुतेक दिवस आहे. भांडण कशावरूनही सुरू झालं, त्याने फोन उशिरा उचलला म्हणून, मी जेवले नाही म्हणून, की पाच मिनिटांत आम्ही १० एप्रिलच्या रात्री पोचतो. तो म्हणतो भरायला हवे होते. मी म्हणते तू पाठवणार होतास का पैसे. तो म्हणतो पाठवले असते. मग दोघंही गप्प, कारण त्या रात्री मी मागितले नव्हते आणि त्यानेही विचारलं नव्हतं.