तुम्ही विचारलंत म्हणून: जपानात एकटीनं कुठं राहायचं?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेली असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय: "काकू, जपानला एकट्यानं जायचं तर शहरं कोणती करावीत?" त्या दिवशी तोंडात कापूस होता. आता निवांत सांगते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी जपानला दोनदा गेले, करोनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही वेळा एकटीच. नवऱ्याला विमानाचं वावडं नाही, पण घरचं ताक सोडून तो तीन दिवसांच्या वर कुठं राहत नाही.

पहिल्या खेपेला सगळे करतात तेच केलं. टोकियो, क्योटो, ओसाका, मध्ये एक दिवस नाराची हरणं. दिवसभर कुठं काही अडलं नाही. अडलं ते क्योटोत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिथली बहुतेक देवळं पाचच्या सुमारास बंद होतात. साडेपाचला मी रस्त्यावर, पाय दुखताहेत, भूक अर्धवट, आणि पुढं करायला काही नाही. खोलीवर आले. बिझनेस हॉटेलची खोली म्हणजे रेल्वेच्या कूपेची चुलत बहीण. पलंगावर बॅग उघडली की आपण उभंच राहायचं. ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या गोळ्याचा, कागद सोडवत घरी फोन लावला, तर आपल्याकडे दुपारचे अडीच. नवरा वामकुक्षीत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकट्या माणसाला दिवस जड जात नाही. बघायला इतकं असतं की सोबतीची आठवणही होत नाही. जड जातात ते संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ हे चार तास. त्यामुळे आता कुणी यादी घेऊन आलं की मी प्रत्येक शहरापुढं एकच प्रश्न लिहायला लावते: इथं संध्याकाळी काय करणार? उत्तर नसेल तर तिथं दिवसा जावं, मुक्काम दुसरीकडे ठोकावा.

या हिशेबानं दुसऱ्या खेपेला मी ओकायामात तीन रात्री राहिले. नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणेकर वर्षानुवर्षं ओकायामा गार्डन म्हणत आलेत. ती बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, ती ओकायामात आहे. तिथल्या सरदारानं १६८७ मध्ये कामाला सुरुवात केली आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. आत शिरल्यावर मला हसूच आलं, कारण वळणावळणावर ‘हे आपल्याकडे आहे’ असं होत होतं. फरक एवढाच की तिथं हिरवळ संपता संपत नाही, आणि नदीपलीकडे काळाकुट्ट किल्ला उभा असतो. त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. बागेत एक लहानशी इमारत आहे, तिच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो. दोन्ही बाजूंना लाकडी जमिनीवर बसायचं आणि पाय मोकळे सोडायचे. एक आजोबा तिथं पेंगत होते. मीही अर्धा तास बसले.

पण ओकायामा निवडलं ते बागेसाठी नव्हे. एक तर शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, सगळ्या गाड्या तिथं थांबतात. दुसरं, कुराशिकी तिथून लोकल गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर. कुराशिकीचा जुना भाग म्हणजे एक कालवा, त्यावर झुकलेल्या विलोच्या फांद्या आणि काळ्या कौलांची पांढरी गोदामं. दिवसा तिथं बसगाड्या रिकाम्या होत असतात. सगळे जण सहाला दुकानं मिटली की जातात. आपण सहाला जायचं. दिवे पाण्यात उतरलेले असतात, एखादा सायकलवाला जातो, बाकी कुणी नाही. दोन तास फिरून लोकलनं परत. एकट्या बाईनं रात्री असं फिरावं का, हा पोटप्रश्न ठरलेला असतो. मला एकदाही मागं वळून बघावंसं वाटलं नाही, एवढं सांगते. शेवटची गाडी मात्र चुकवू नका. मध्यरात्रीच्या आसपास सगळं थांबतं आणि टॅक्सीचं मीटर बघवत नाही.

दुसरं माझं लाडकं शहर मात्सुयामा. ओकायामाहून गाडी समुद्रावरचा मोठा पूल ओलांडून शिकोकू बेटावर उतरते. पूल १९८८ चा. खाली बेटं विखुरलेली, खिडकीची जागा पकडा. मात्सुयामात ट्राम आहे, आणि ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर दोगो ओनसेन हे गरम पाण्याचं जुनं स्नानगृह. तिमजली लाकडी इमारत १८९४ ची. रात्री उशिरापर्यंत उघडी, त्यामुळे संध्याकाळचा प्रश्नच मिटला. सगळा मोहल्ला सुती युकाता (सैल झगा) आणि लाकडी खडावा घालून खटखट करत आंघोळीला निघालेला.

आंघोळ कपड्यांशिवाय असते. बायकांचा भाग वेगळा, तरी मी दाराशी पाच मिनिटं घुटमळले. आत बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग हौदात उतरायचं, हे वाचून गेले होते. वाचलेलं नव्हतं ते असं की हातातला छोटा टॉवेल हौदात बुडवायचा नसतो, आणि केसही. माझं दोन्ही झालं. समोरच्या आजीबाईंनी काही न बोलता स्वतःच्या टॉवेलची घडी केली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मीही केली. मग त्यांनी मनगटातलं रबर काढून माझ्यापुढं धरलं. मी अंबाडा वर बांधला. त्या मान हलवून पुन्हा डोळे मिटून बसल्या. रबर परत द्यायला गेले तर घेईनात.

हायकूंचा मोठा कवी मासाओका शिकी याच गावचा. त्यामुळे गावात ठिकठिकाणी हायकू टाकायच्या पेट्या आहेत. मी एक मराठीत लिहून टाकली. वाचणाऱ्याची काय गत झाली असेल, देव जाणे.

आता शाकाहाराचा विषय, कारण यादीतला पुढचा प्रश्न तोच असतो. मी मासे खाते, म्हणून माझी निम्मी पंचाईत आधीच मिटलेली. न खाणाऱ्यांनी हे धरून चालावं की साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, भाजीत, उदोन नूडल्सच्या रश्शात दाशी असते, आणि ती बहुधा वाळवून किसलेल्या माशाची. ‘मांस नको’ म्हटल्यानं ती जात नाही. अशांना मी कोयासानला पाठवते. शहर नव्हे ते. आठशे मीटर उंचीवरचं, देवळांचंच गाव. ओसाकातल्या नाम्बाहून गाडी, शेवटी डोंगर चढणारी केबल कार. पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे. जेवण पूर्ण शाकाहारी, दाशी समुद्री शेवाळाची नाहीतर मशरूमची, कांदा-लसूणही नाही. लाल लाखेच्या पाटावर तिळाचं तोफू येतं. तोफू म्हणजे एरवी सोयाबीनचं पनीर, पण यात सोयाबीन नसतंच, तीळ आणि एका कंदाचं पीठ. जिभेवर खरवसासारखं लागतं.

जेवण सहालाच उरकतं. मग संध्याकाळचं काय? ओकुनोइनची वाट. दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना प्रचंड सीडरची झाडं आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून जास्त थडगी, शेवाळलेली. मध्ये मध्ये दगडी कंदील. वाट संपते तिथं या गावाचा संस्थापक कूकाई आहे. ‘आहे’ हे मुद्दाम लिहिलं, कारण तो ध्यानातच बसलाय अशी तिथल्यांची श्रद्धा, आणि रोज दोनदा त्याला जेवण नेलं जातं. परदेशी पाहुण्यांना हे समजावताना तरुण भिक्षू इंग्रजीत चाचपडत होता. मला आळंदीमुळे एका वाक्यात कळलं. थडग्यांवरच्या लाकडी फळ्यांवर सिद्धम लिपीतली बीजाक्षरं असतात. ही लिपी आपल्याकडूनच चीनमार्गे तिकडे गेलेली. टॉर्च धरून बघत गेलं की एखादं अक्षर अचानक ओळखीचं हसतं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, महाराष्ट्र शासनानं दिलेला, २०१५ मध्ये उभारलेला. सकाळी तिकडेही जाऊन या.

एक सावधानता. काही देवळं आणि बरीच पारंपरिक र्‍योकानं (जपानी अतिथिगृहं) एकट्या पाहुण्याला खोली देत नाहीत. एका नावाजलेल्या र्‍योकाननं मला अत्यंत नम्र ईमेल पाठवून नकार दिला. इतका नम्र की तो नकार आहे हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. म्हणून या जागा आधी ठरवा, मग त्यांच्याभोवती बाकीचं बसवा. बिझनेस हॉटेलात ही अडचण नाही.

हिरोशिमाला एक तरी रात्र राहाच. बहुतेक लोक ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी पळतात. रात्री शांतता उद्यानात नदीकाठी गर्दी नसते आणि बाँबमधून उरलेल्या इमारतीचा उजळलेला घुमट पाण्यात दिसतो. नंतर ट्राम पकडून ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचं कोबीचं जाड धिरडं, खायला जायचं. तव्यालाच लागून काउंटर असतो, एकट्यासाठी याहून चांगली जागा नाही. बाँब पडला ६ ऑगस्ट १९४५ ला, आणि ९ तारखेला याच शहरात थोड्या अंतरावर का होईना ट्राम पुन्हा धावली होती. ट्राममध्ये बसल्यावर ते आठवतंच.

कानाझावाचं सगळे फार कौतुक करतात. बाग सुरेख, सोन्याचा वर्ख तिथलाच. एक रात्र पुरे. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी तिथली म्हण आहे. मी नेमकी छत्रीच विसरले. फुकुओकात नदीकाठी संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, आठ-दहा जण खांद्याला खांदा लावून जेवतात. डुकराचं चालत असेल तर स्वर्ग. ओसाका रात्रीचं शहर खरं, पण एकटीला मला ते जरा अंगावर आलं. टोकियोत शहर बघायला जाऊ नका, एक पेठ निवडा. मी आसाकुसात राहिले. दुकानं मिटल्यावर सेनसोजी देऊळ दिव्यात उजळलेलं असतं आणि अंगणात शेजारपाजारचे लोक कुत्री फिरवतात.

आणि क्योटो? वगळा असं म्हणायची माझी छाती नाही. पण संध्याकाळी फुशिमी इनारी देवळाला जा, ते रात्रभर उघडं असतं आणि तिकीट नाही. नाहीतर कामो नदीच्या काठावर बसा. तिथं जोडपी रांगेनं बसतात, दोन जोडप्यांमधलं अंतर जणू टेपनं मोजलेलं. मी मधल्या एका फटीत बसले, तर दोन्हीकडची थोडी थोडी सरकली. अंतर पुन्हा सारखं.

पैशांचं एक, बँकेची सवय म्हणून. रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. आधी तो ३० हजारांच्या आत होता. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन २८ हजारांच्या आसपास पडतं. तेव्हा डोळे झाकून पास घेऊ नका, कागदावर बेरीज करा. टोकियोत उतरून ओसाकाहून परत निघालात तर उलटं येणं वाचतं.

उपाहारगृहाच्या दारात ‘किती जण?’ विचारतात. एक बोट वर करायचं. एकट्या गिऱ्हाइकाला तिथं मानाचा शब्द आहे, ओहितोरिसामा, आपल्याकडच्यासारखं ‘एकच?’ नाही.

बारा रात्री असतील तर माझा आकडा असा: टोकियो चार, कोयासान एक, ओकायामा तीन, मात्सुयामा दोन, हिरोशिमा दोन. क्योटो यात कुठं, असं लिफ्टमधल्या मुलीनं विचारलंच. ओकायामाहून शिनकानसेननं तासाभराच्या अंतरावर आहे, म्हटलं, दिवसा जाऊन ये.