मिरची येते, चटणी जात नाही

1998 साली सासूबाईंनी कागलमध्ये घराच्या पडवीत पहिला डंक, म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र, बसवला. आसपासच्या बायका मिरची वाळवून, मसाला भाजून आणायच्या आणि कांडून न्यायच्या. मी लग्न होऊन आले आणि काही वर्षांनी आम्ही स्वतःचीच कांदा-लसूण चटणी पाकिटात भरून विकू लागलो. आज चार डंक आहेत, सहाजणी कामाला आहेत आणि वर्षाची उलाढाल साठ लाखांच्या पुढे गेली आहे.

नियम नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. मिरचीत रंग मिसळणारे लोक आम्ही बाजारात पाहिलेत. सहा महिन्यांतून एकदा चटणीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो, काटा पासिंग करून घ्यावा लागतो. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, हे व्हायलाच पाहिजे.

त्रास होतो तो तारखांचा. अन्न परवान्याचं वार्षिक रिटर्न 31 मेच्या आत भरायचं असतं. आमच्याकडे मार्च ते मे म्हणजे वर्षाच्या चटणीचा हंगाम. पावसाच्या आत प्रत्येक घराला चटणी करून हवी असते आणि पहाटे पाचपासून डंक सुरू असतात. एका वर्षी माझ्याकडून ते रिटर्न राहिलं. 24 जूनला आठवण झाली. दिवसाला शंभर रुपयांप्रमाणे 2400 रुपये दंड भरला. तिखटाने माखलेल्या हातांनी मी कॉम्प्युटरवर बसले होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, “चटणी करायलीस का कागदं रंगवायलीस?”

तारीख बदलता येते, हे सरकारनेच दाखवलंय. जीएसटीत कंपोझिशनवाल्यांच्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय घेतलेल्या आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांच्या, वार्षिक रिटर्नची मुदत 2024-25 पासून 30 एप्रिलऐवजी 30 जून झाली. आम्हाला तो मोठा आधार वाटला. अन्न परवान्याच्या रिटर्नचंही तसंच करावं.

कंपोझिशनने आम्हाला जगवलं, हेही सांगते. उलाढालीवर एक टक्का कर, तो तीन महिन्यांनी भरायचा. पावशेर चटणी नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं बिल कुठे चढवत बसायला लागत नाही. पण यात एक अट आहे: परराज्यात माल विकायचा नाही. आमची मिरची संकेश्वरहून, ब्याडगीहून येते, ते चालतं. निपाणी कागलपासून वीसेक किलोमीटरवर. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. तिथली माणसं मराठी बोलतात, आमचीच चटणी खातात; पण तिथल्या दुकानाला मी एक किलोही देऊ शकत नाही. द्यायची तर कंपोझिशन सोडून पाच टक्क्यांचा कर लावायचा आणि सगळ्या विक्रीचा हिशेब नियमित रिटर्नमध्ये भरायचा. निपाणीच्या एका दुकानासाठी ते परवडत नाही.

कर ज्या राज्यात माल खपतो तिथे गेला पाहिजे, हे मला पटतं. पण सेवा देणाऱ्याला परराज्यात काम करूनही 20 लाखांपर्यंत नोंदणी माफ आहे. तशी छोटी मर्यादा आम्हालाही द्यावी. उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत परराज्यात विकू द्यावं आणि तेवढ्या मालावर पूर्ण कर घ्यावा. आम्ही आनंदाने भरू.

मागच्या आठवड्यात निपाणीच्या दुकानदारकाकांचा फोन आला. चाळीस किलो हवी होती. “काका, अजून नाही जमत,” मी म्हणाले.