साडेसातशे, वीस, पाच

रविवार, रात्र

झाली एकदाची. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणतात याला. नाव स्प्रिंट, पण त्यात धावत सुटण्यासारखं काही नाही, निदान माझ्या वयात तरी. एकदा पाण्यात उतरलं की शेवटच्या रेषेपर्यंत घड्याळ थांबत नाही. मोजे घालायला बसलात तर तो वेळही तुमच्याच नावावर.

पहाटे दंडावर आणि पोटरीवर मार्करने नंबर काढून घेतला. ट्रान्झिशन एरियात, म्हणजे एक प्रकार संपवून दुसऱ्याची तयारी करायच्या जागेत, सायकली ओळीने लावलेल्या. माझी साधी हायब्रिड, तिला लेकीची शाळेची बाटली अडकवलेली. शेजारी पुण्याहून आलेल्या एकाची कार्बनची सायकल. तिच्या किमतीत आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं. टॉवेल अंथरला, त्यावर बूट, बुटात मोजे, मोज्यांत टाल्कम पावडर (ओल्या पायावर मोजा चढत नाही, ही युक्ती ग्रुपमधल्या सरांची), हेल्मेट उलटं ठेवून त्यात गॉगल. मग उगाच सगळं दोनदा सरळ केलं.

पोहण्याचीच सगळ्यांना भीती. त्यात सोलापूर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात चाळिशीनंतर पोहायला शिकायचं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने चैनच. पाण्याचा दिवस आला की पहाटेच्या सरावाला दांडी ठरलेली. मोटर लावा, टाकी भरा, पिंपं भरा, मागच्या पाण्याने अंगण धुवा. प्रशिक्षक सुद्धा समजून होते, त्यांच्याही घरी तेच.

डिसेंबरचं पाणी. उतरल्याबरोबर छाती आखडली, श्वास वरच्या वर. थंड पाण्यात पहिलं मिनिटभर असं होतंच, शरीराची ती आपोआपची क्रिया असते, घाबरायचं नाही, हे सगळं पाठ होतं. पाठ असून उपयोग एवढाच की 'हे जाईल' असं स्वतःला सांगता येतं. गेलं. पंचवीस मीटरचा तलाव, म्हणजे तीस फेऱ्या. मधल्या काही फेऱ्या मी सरळ ब्रेस्टस्ट्रोकने काढल्या. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो. फ्रीस्टाइलच पाहिजे असा नियम नाही, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि त्या भीतीने ते नावच देत नाहीत. लेनमध्ये आम्ही चौघं. मागून एक कॉलेजचा पोरगा आला, तळपायाला दोनदा बोट लावलं, मी भिंतीशी बाजू दिली. "थँक्यू काकू" म्हणून गेला. काकू!

बाहेर आले तर जमीन हलत होती. आडवं पोहून एकदम उभं राहिलं की डोक्यातलं रक्त पायात उतरतं, म्हणून सावकाश पळायचं. फरशीवरचे खडे तळव्याला चिकटलेले. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम फार कडक. नेमक्या तेव्हाच बोटं बधिर असतात. बक्कल 'कट्' वाजला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सायकल तुळजापूर रोडने, हिप्परग्याच्या तलावापुढे वळसा आणि परत. हा रस्ता माझा. रविवारी ग्रुपबरोबर इथेच असते. पण ग्रुपमध्ये आपण एकमेकांच्या मागे लपून वारा चुकवतो, इथे ते चालत नाही. पुढच्या सायकलीपासून दहा मीटर अंतर ठेवायचं, जवळ गेलात तर ठरलेल्या वेळात पुढे निघायचं. त्यामुळे जाताना समोरचा गार वारा पूर्ण अंगावर. हिवाळ्यात तो इथे समोरूनच येतो, माहीत होतं, तरी शिव्या दिल्याच. त्यात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, आणि गाणी अशी की आपली घंटी ऐकू जाणं शक्य नाही. एका चालकाने मान बाहेर काढून विचारलं, "कुठं निघालाव मॅडम एवढ्या घाईत?" श्वास असता तर उत्तर दिलं असतं.

वळल्यावर वारा पाठीशी. तलावाचं पाणी उजवीकडे चमकत होतं. ती दहा किलोमीटर आजच्या दिवसातली सगळ्यात सुखाची.

आणि मग पळणं. ट्रायथलॉनबद्दल कुणी मला विचारलं तर पोहण्याचं फारसं सांगणार नाही, सायकलीवरून उतरल्यानंतरच्या पहिल्या किलोमीटरचं सांगेन. पाय आपले राहत नाहीत. तासभर वाकून बसल्याने कमरेपुढचे स्नायू आखडलेले असतात, मांड्या पॅडलच्या गोल फेऱ्यांना सरावलेल्या, आणि अचानक त्यांच्यावर अख्खं वजन आदळायला लागतं. मेंदू अजून पॅडलच मारत असतो. वाटतं की आपण कासवाच्या चालीने चाललोय, घड्याळ पाहावं तर वेग नेहमीपेक्षा जास्त. यासाठीच सायकलीनंतर लगेच पळायचा सराव करतात, त्याला ब्रिक म्हणतात. मी केला होता. त्याने त्रास कमी होत नाही, फक्त ओळखीचा होतो. पावलं लहान टाकायची, हात सैल सोडायचे आणि वाट बघायची.

दोन फेऱ्या होत्या. ऊन चढलं होतं. एका घरासमोर सडा घालणाऱ्या दोघी पहिल्या फेरीला नुसत्या बघत राहिल्या, दुसऱ्या फेरीला मला बघून तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. बहुतेक माझ्यावरच. दुसऱ्या फेरीत पाय परत आले. शेवटच्या वळणावर बऱ्यापैकी पळालेसुद्धा.

जेवणात भाकरी, शेंगाचटणी, दही. तिसरी भाकरी मागितली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कितवी आलीस मग?"
"शेवटून लवकर सापडेन."
"मग कशाला जिवाला एवढा ताप करून घेतीस?" म्हणाल्या, आणि चटणीवर तेल वाढलं.

सोमवार, संध्याकाळ

जिना चढता येतो. उतरताना कठडा धरावा लागतो.

बँकेत दंडावरचा नंबर बाहीखालून दिसत होता. दोनदा घासूनही गेला नाही. कॅशमधल्या सरांनी विचारलं, "आयर्नमॅन म्हणजे हेच का?" हेच नाही हो. ते ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन, १९७८ला हवाईत सुरू झालेलं. मी केलं ते ऑलिम्पिकमध्ये २०००पासून जे असतं त्याच्या निम्मं. "म्हणजे तुम्ही अर्धं ऑलिम्पिक केलं!" असं ते मोठ्याने म्हणाले आणि रांगेतल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मीही दुरुस्ती केली नाही.

दुपारी ग्रुपमधल्या मैत्रिणीचा फोन. ती आता पूर्ण ऑलिम्पिक अंतराच्या मागे लागली आहे: दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा पळणं. "चल की, दोघी करू." दीड किलोमीटर उघड्या तलावात. तिथे भिंत नाही, तळाला काळी रेघ नाही, सरळ चाललोय का हे बघायला दर थोड्या हातांनी डोकं वर काढावं लागतं. मी म्हटलं, आधी माझ्या सायकलची चेन बदलायची आहे, उसाच्या पाचटाने पार वाट लावली तिची. ती म्हणाली, "हो म्हणायची ही कुठली पद्धत!"